भरती-सुकती

माझ्या वडिलांनी एकही पाककृती लिहून ठेवली नाही.
बार्जवर कुजनेर होते ते,
खाणीची तांबडी माती पोटात भरून
सारमानसहून मुरगावला जाणाऱ्या बार्जवर
सात माणसांचं रांधायचे.
आई बालवाडीत शिकवायची. तिला रांधायचा कंटाळा,
आणि तो ती लपवायची नाही.
बाबा सुट्टीवर आले की मगच
आमच्या घराला खरी भूक लागायची.

विचारलं, पेज किती वेळ शिजवायची,
तर म्हणायचे,
दोर सोडले की तांदूळ वैरायचा, उकडा, कोरगुटीचा.
नार्वे दिसली की पहिला कढ.
सां पेद्रच्या धक्क्याला दाणा उमलतो.
रायबंदर आलं की उतरव,
पुढे गेलीस तर खळ होईल, पुस्तकं चिकटवायला.

आमच्या चुलीजवळून नदी जात नव्हती.
ते डोळे मिटून बसायचे
आणि मधेच म्हणायचे, आली बघ नार्वे.
मी आणि कुंदा खरंच खिडकीबाहेर बघायचो.
बाहेर शाणूची म्हैस,
तीही मान वळवून आमच्याकडे बघत असायची.

पेजेबरोबर चेपणीची तोर.
बाठा धरायच्या आधीची कोवळी कैरी,
देठासकट, चिकासकट,
एक थर तिचा, एक थर आगरातल्या जाड्या मिठाचा,
वर चेपण.
चेपणीला बाबांनी कामावरून आणलेला खनिजाचा दगड
दुधाच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला.
आई म्हणायची, कंपनीची चोरी बरणीत नको.
बाबा म्हणायचे,
ह्याचे भाऊ सगळे कोरियाला गेले,
हा एकटाच मागे राहिला. राहू दे गं.

पहिला चावा घेतला की एक डोळा आपोआप मिटायचा.
कुंदाचा डावा, माझा उजवा.
ताप आला तरी पेज, पेपर कठीण गेला तरी पेज,
शेजारच्या घरातून कुणाला उचलून नेलं
त्या दुपारीसुद्धा, चूल पेटवायचं कुणाच्या मनात नसताना,
बाबांनी केलेली पेज, आणि सगळ्यांचा एकेक डोळा मिटलेला.

मग खाणी बंद झाल्या.
बार्ज किनाऱ्याला लागल्या, गंजल्या,
त्यांच्यावर बगळे राहायला आले.
बाबा कायमचे घरी. आम्हांला वाटलं, आता रोज जेवण.
पण त्यांची पेज करपायला लागली.
कधी कच्ची राहायची, तांदूळ दाताखाली कटकट करायचा.
बसायचे तसेच, डोळे मिटून,
आणि नार्वे यायचीच नाही.
आई काही बोलली नाही. खाल्ली तिने, तळाचीसुद्धा.

आता पर्वरीत सातव्या मजल्यावर माझा कुकर.
तीन शिट्ट्या करून बघितल्या, पाच करून बघितल्या.
शेवटी मालारला गेले, इनास तांडेलाकडे.
इंजिनाने त्याचा एक कान नेलाय,
दुसऱ्यात ओरडून विचारलं, रायबंदरला किती वेळ लागायचा?
तो हसला. म्हणाला,
"भरतेक काय सुकतेक?"
सुकतीला नदीच ढकलते, वाट आखूड होते,
तेव्हा तुझो बापूय दोर बांधलेले असतानाच तांदूळ घालायचा.
भरतीला मात्र निवांत विडी ओढायचा आधी.
हे त्यांनी आम्हांला कधीच सांगितलं नव्हतं.
की सांगायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं?

काल पातेलं घेतलं, कुकर नको.
वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर
पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात
भरती-ओहोटीच्या वेळा असतात,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाचल्या.
मुलगा ओट्याशी आला. किती मिनिटं लागतील?
म्हटलं, सुकती आहे, रायबंदर लवकर येणार.
त्याने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर,
म्हैस नव्हती, समोरच्या इमारतीची क्रेन होती.
बघत राहिला तरीही.

तेवढ्यात कुंदाचा फोन.
तोरं मिळाली का, मीठ कुठलं, चेपणीला काय ठेवलंस,
आणि बोलता बोलता दोघी गप्प.
पेज खळ झाली.
रायबंदर कधी मागे पडलं, कळलंच नाही.